टेकूखालची ओल

"हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हता," आप्पासाहेब म्हणाला, आणि सहादेवची मान हलली. होकारासारखी. आप्पासाहेब काही बोलला की ती आपोआप हलायची. उभं आयुष्य तसंच गेलं होतं. आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून आप्पासाहेब आपल्याच विरुद्ध बोलतो आहे, हे मानेपर्यंत पोचायला उशीर झाला. शेजारी उभ्या असलेल्या निकिता वकिलांनी ते पाहिलं. ज्यांना परवडत नाही त्यांना मोफत वकील मिळतो, त्यातून ही मुलगी त्याच्या वाट्याला आली होती. वयाने त्याच्या मुलीपेक्षा, प्रज्ञापेक्षा, थोडीच मोठी. कागदांवरून डोळे उचलून तिने त्याच्याकडे असं बघितलं की पाढा चुकल्यासारखं झालं. "काका," ती हळूच म्हणाली, "मान हलवू नका." त्यावरही त्याने मान हलवली.

कामगार न्यायालयाची ती खोली लहान होती. पंख्याचा वारा फक्त टंकलेखकापर्यंत पोचत होता. सहादेवला उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून न्यायाधीश साहेबांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं होतं, आणि बसल्यामुळे त्याला आप्पासाहेब खालून वर दिसत होता. पांढरा शर्ट, कडक कॉलर, आणि कॉलरच्या आत उतरणारी घामाची एक रेघ. आप्पासाहेबाला खोटं बोलताना त्याने आधी पुष्कळदा पाहिलं होतं. सिमेंट वेळेवर आलं नाही, उद्या सकाळी माणसं हजर असतील, असं काहीबाही तो मालकांना हसत हसत सांगायचा, आणि मालक गेला की सहादेवकडे बघून डोळा मिचकवायचा. आज तो हसत नव्हता, आणि सहादेवकडे बघतही नव्हता. "मग अपघात झाला तेव्हा हे तिथे काय करत होते?" निकिता वकिलांनी विचारलं. आप्पासाहेबाने टेबलाकडे बघून उत्तर दिलं, "गाववाला आहे आमचा. भेटायला आला होता. पाहुणा म्हणून."

पाहुणा. तो शब्द सहादेवच्या अंगावर कुणीतरी नवं कापड टाकावं तसा पडला. बोचणारा, खळीचा वास असलेला. गावी, काष्टीला, आप्पासाहेबाच्या घरी तो पाहुणा म्हणून कधी गेला नव्हता. ओट्यापर्यंत गेला होता. आप्पासाहेबाची आई आतून विचारायची, कोण रे, आणि आप्पासाहेब म्हणायचा, सहादू हाय, आणि मग चहा बाहेर यायचा. दोघं एकाच वर्षी गाव सोडून नगरला आले, एकाच मिस्त्रीच्या हाताखाली सेंट्रिंग शिकले, एका खोलीत राहिले. दुपारी एकाच डब्यात बोटं घालून जेवायचे. सहादेवच्या आईने दिलेल्या ठेच्यावर आप्पासाहेबाचा जीव होता. पण सणाला गावी जाताना एसटी काष्टीच्या फाट्यावर थांबली की दोघं उतरायचे, पिशव्या खांद्याला लावायचे, आणि काही न बोलता दोन वाटांनी जायचे. आप्पासाहेब गावात, सहादेव बुद्धविहाराकडे. परत नगरच्या गाडीत बसले की पुन्हा एक डबा. त्याचं सहादेवला तेव्हा काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं होतं ते त्याने कुठेतरी ठेवून दिलं होतं. आता बाकावर बसल्या बसल्या ते वर आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला, की इतक्या वर्षांनी, इतक्या वेड्या जागी आपण ठेच्याचा हिशेब काढतो आहोत.

आप्पासाहेब मालकांशी बोलायला शिकला, सहादेव लाकडाशी. एक ठेकेदार झाला, दुसरा मिस्त्री राहिला, आणि यात कुणी कुणाला फसवलं असं सहादेवला खरोखर कधी वाटलं नाही. सेंट्रिंगचं काम त्याला आवडायचं. खाली टेकू उभे करायचे, वर फळ्या अंथरायच्या, फटी बुजवायच्या, तेल मारायचं. मग त्यावर लोखंड येतं, काँक्रीट येतं, आणि ते ओलं असेपर्यंत सगळा भार या टेकूंवर असतो. स्लॅब धरला की सगळं काढून घ्यायचं आणि पुढच्या साइटवर न्यायचं. बनाबाईला, त्याच्या बायकोला, तो लग्नानंतर एकदा सावेडीला घेऊन गेला होता आणि एक चार मजली इमारत दाखवून म्हणाला होता, ही मी केली. बनाबाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "यातलं तुमचं काय?" तिने थट्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं. भिंती गवंड्याच्या, रंग रंगाऱ्याचा, फरशी फरशीवाल्याची. त्याने वर बोट दाखवलं. छताच्या खालच्या अंगाला फळ्यांचे पुसट वण राहिले होते, तेही पुढे प्लास्टरखाली गेले.

अपघात झाला तो दिवस तर अगदी साधा होता. स्लॅब भरायचा होता. सकाळीच टेकूंमधून वाकून फिरताना एका कोपऱ्यात त्याच्या चपलेला माती चिकटली. टाकीचं पाणी झिरपून भरावाची जमीन ओली झाली होती; बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. तिथे टेकूखाली रुंद फळ्या द्यायला हव्या होत्या. खरं म्हणजे काम थांबवायला हवं होतं. तो आप्पासाहेबाकडे गेला. मिक्सर सुरू झाला होता, माणसं उभी होती, जिन्यात मालक घड्याळ बघत होता. "आप्पा, त्या कोपऱ्यात जरा ओल हाय," तो म्हणाला. जरा. हा शब्द त्याने का घातला, याचा विचार पुढे त्याने सिव्हिलमधल्या खाटेवर छताकडे बघत किती वेळा केला, याला मोजमाप नाही. आप्पासाहेब फोन कानापासून थोडा दूर धरून म्हणाला, "तुझ्या भरवशावर तर चाललंय सगळं, सहादू. हुईल न्हवं?" आणि त्याने मान हलवली.

दुपारी त्या कोपऱ्यातून लाकूड चावल्यासारखा आवाज आला. एक टेकू हळूच, एखाद्या दमलेल्या माणसासारखा, खाली बसत होता. सहादेव पाचर आणि हातोडा घेऊन धावला. पाचर लागली असती तर सगळं निभावलं असतं, असं त्याला अजूनही वाटतं. मग वाटतं, नसतं निभावलं. कोपरा त्याच्यावर आला. दुखण्याच्या आधी अंधार आला, गार, जड, तोंडात आणि डोळ्यांत शिरणारा, सिमेंटच्या चवीचा. कमरेखाली काय झालं ते कळत नव्हतं. मग कुणाचे तरी हात त्याच्या चेहऱ्यावरचं काँक्रीट ओरबाडायला लागले, आणि एका बाईचा आवाज कानाशी आला, "डोळं उघडू नगा. मिस्त्री, डोळं उघडू नगा, जळत्याल." पाणी पडत राहिलं. खरखरीत तळवा त्याच्या पापण्यांवरून फिरत राहिला, एखाद्या तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसा, घाईने आणि नीट. तो आवाज ऐकत पडून राहायचं, एवढंच त्याला काम होतं. डॉक्टर पुढे म्हणाले, डोळे वाचले ते त्या पाण्याने. उजवा पाय मात्र कमरेपासून गेला. म्हणजे जागेवर आहे, आत सळई आहे, पण तो आखूड झाला आहे आणि त्याच्यावर भार देता येत नाही. सेंट्रिंग मिस्त्रीला बाकी सगळं नसलं तरी चालतं, चढायला पाय लागतो.

पहिल्या दिवसांत आप्पासाहेब रोज येत होता. औषधांचे पैसे त्याने भरले. सहादेवच्या उशाशी बसून तो एकदा रडलाही, नाक ओढत, लहानपणी रडायचा तसा. "कागदबिगद काय करायचा न्हाई, सहादू. घरातली गोष्ट हाय. मी हाय ना." बनाबाई दाराशी उभी होती. तिने काही वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, गल्लीतल्या बायांकडे बांधकाम कामगार मंडळाची फुकट भांडी आली तेव्हा, की तुमीबी नाव लावून घ्या, आपुन तर खरंच बांधकामातले. त्या नोंदणीला ठेकेदाराचा दाखला लागत होता. आप्पासाहेब म्हणायचा, देऊ की, मी काय पळून चाललोय? तो पळून गेला नाही. फक्त येणं कमी झालं. रोजचा आठवड्यावर गेला, मग कुणाच्या हाती फळं पाठवू लागला, मग फोन वाजत राहू लागला. बनाबाई मंगल कार्यालयात भाकऱ्या थापायला जाऊ लागली. रात्री तिच्या हातांना पिठाचा आणि धुराचा वास यायचा, आणि ती काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. प्रज्ञाने मोबाईलच्या दुकानात नोकरी धरली. तिनेच एक दिवस रिक्षा बोलावून त्याला मोफत वकिलाकडे नेलं. त्याला जायचं नव्हतं. रिक्षात तो तिला म्हणाला, "आप्पा काय म्हनंल?" प्रज्ञाने बाहेर बघत उत्तर दिलं, "पप्पा, तो काहीच म्हणत नाहीये. म्हणून तर चाललोय."

तर आता तो म्हणाला होता. पाहुणा.

बाहेर कडुनिंबाखाली निकिता वकिलांनी त्याला समजावलं. तुम्ही त्यांच्याकडे कामाला होता हे सिद्ध झालं तर भरपाई कायद्याने मिळते, त्यात उपकार कुणाचे नाहीत. पण रोजंदारी हातावर मिळत होती, हजेरीच्या चिठ्ठ्या ठेकेदाराकडे. परप्रांतातली मुलं गावी निघून गेली. बाकीचे सगळे अजून आप्पासाहेबाकडेच कामाला. "कुणीतरी बघितलं असेल ना, काका? एक माणूस. जो उभा राहून सांगेल." सहादेवच्या डोळ्यांपुढे कुणी आलं नाही. कानांत आलं. डोळं उघडू नगा. "दगडाबाई म्हनून हाय एक," तो म्हणाला, आणि म्हणता क्षणीच वाटलं, हे नाव आपण घ्यायला नको होतं.

दगडाबाई मिक्सरवर काम करायची. पाथर्डीकडची, कोरड्या मुलखातली; नवरा वारल्यावर भावाबरोबर ऊसतोडीला जायची, मग एका वर्षी ते सोडून नगरला आली ती इथेच राहिली. एवढंच त्याला माहीत होतं, तेही दुपारच्या सावलीत कानावर पडलेलं. "मरंन, पन पाचटात न्हाई झोपनार आता," असं ती एकदा कुणाला तरी म्हणाली होती. नागापूरच्या पुढे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथे ती राहायची. रविवारी प्रज्ञा त्याला घेऊन गेली. दगडाबाई दाराशी भांडी घासत होती. कुबडीवरचा मिस्त्री बघून ती उठली, हात पदराला पुसले, आणि आधी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. पायाकडे नंतर. "दिसतंय ना नीट?" तिने विचारलं.

"दिसतंय."

"मंग झालं." तिने आतून खाट ओढून आणली. खोलीत एक गॅस होता, भिंतीला एक आरसा, आणि कोपऱ्यात नव्या पाण्याच्या पिंपाला अजून प्लास्टिकचा कागद होता. ते पिंप बघून सहादेवला काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. माणूस कुठेतरी टिकायचं ठरवतो तेव्हा पिंप घेतो. प्रज्ञाने सगळं सांगितलं. त्याला बोलायला लावलं असतं तर त्याने पाऊसपाण्याचं काहीतरी काढलं असतं. दगडाबाई ऐकत होती. मग म्हणाली, "मी आप्पासायबाकडंच हाय अजून. नव्या साइटवर."

"मग ऱ्हाऊ द्या," सहादेव लगेच म्हणाला आणि कुबडी घेऊन उठायला लागला. त्याला हलकं वाटलं. तिने नाही म्हटलं की सगळं संपणार होतं: तारखा, बाक, ती कॉलर. प्रज्ञा त्याच्याकडे बघत राहिली. बापाला पहिल्यांदाच ओळखल्यासारखी.

"बसा की," दगडाबाई म्हणाली. "त्यो काय म्हनाला म्हनं, पावणा?"

"व्हय."

ती हसली नाही. तिने एक पातेलं पालथं घातलं, त्याच्यावरून ओला हात फिरवला. "तारीख कवा हाय?"

त्या वेळी त्याने सांगायला हवं होतं. आप्पासाहेबाला त्याच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. आप्पासाहेब मारणार नाही, शिव्या देणार नाही, पण त्या बाईला कामावर ठेवणार नाही. आणि नगरमधले ठेकेदार एकमेकांना ओळखतात, एकाच चहाच्या टपरीवर उभे असतात, त्यामुळे दुसराही ठेवणार नाही. हे त्याला त्या खाटेवर बसल्या बसल्या दिसत होतं, बोट दाबल्यावर मातीत राहणाऱ्या खड्ड्याइतकं स्पष्ट. तो म्हणाला, "तुमाला जरा तरास हुईल." जरा. पुन्हा तोच शब्द. आणि दगडाबाई म्हणाली, "हुईल की," आणि तो गप्प बसला.

पहिली तारीख नुसतीच पुढे ढकलली गेली. तिच्या साक्षीच्या दिवशी ती नव्या लुगड्यात आली होती, हिरव्या, घडीच्या रेघा न मोडलेल्या. पिंजऱ्यात शिरताना तिने चपला बाहेर काढल्या. शिपाई म्हणाला, राहू द्या, तरी काढल्या. आप्पासाहेबाच्या वकिलाने तिला विचारलं की हा माणूस त्या दिवशी फक्त भेटायला आला होता, हे खरं की नाही. "पावण्याला कुनी स्लॅबखाली उबं करतं व्हय?" ती म्हणाली. "हातात हातुडा हुता त्यांच्या. मीच काडला मुठीतनं, सुटंना झाल्ता." खोलीत कुणीतरी हसलं. वकिलाने विचारलं, तुम्हाला साक्षीसाठी पैसे किती मिळाले. तिला प्रश्न नीट कळला नाही, तिने तो पुन्हा विचारून घेतला, आणि मग म्हणाली, "माझा रोज आप्पासायेबच देत्यात. आज खाडा पडला." आणि तिने आप्पासाहेबाकडे बघितलं, खाडा पडला याची त्याने नोंद घ्यावी तसं. आप्पासाहेबाने मान खाली घातली. त्या क्षणी सहादेवला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला दिसत होते फक्त तिचे अनवाणी पाय, पिंजऱ्याच्या लाकडी फळीवर, आणि आपण तिला तिथे उभं केलं आहे हे.

निकाल त्याच्या बाजूने लागला. रक्कम बँकेत यायची होती, काही मुदत ठेवीत, काही हातात. निकिता वकिलांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि तिचेच डोळे भरून आले. प्रज्ञा फोनवर आईला सांगत होती. सहादेव पायऱ्या उतरायला लागला, एकेक, कुबडी आधी, मग पाय. तिसऱ्या पायरीवर कुणीतरी त्याच्या कोपराखाली हात घातला. न बघताच त्याला कळलं. शिडीवरून उतरताना, टपावरून उड्या मारताना, तरुणपणी एकदा दारू पिऊन परतताना याच हाताने त्याला असं धरलं होतं. पकड जराही बदलली नव्हती. दोघं खाली आले.

"वकील म्हनला तसं बोललो, सहादू," आप्पासाहेब म्हणाला. "विमा काडला न्हवता मी. मालकानं हात वर केलं. एकटा बुडालो असतो."

"मला सांगायचंस की."

"काय सांगायचं?" तो खरंच विचारत होता. मग रुमालाने मान पुसत म्हणाला, "तुझं सोड. तुझं मला काय वाटत न्हाई. पन ती बाई. माझ्या पैशावर जगून माझ्याच तोंडावर... मी काय केलं न्हाई तिला. उद्यापास्नं येऊ नको म्हनलो, बास." तो आपल्या गाडीकडे गेला. सहादेव तिथेच उभा राहिला. बोलायला खूप होतं. सगळं एकदम वर आलं आणि दारात अडकलं. तू ओल बघायला आला नाहीस, हे. मी थांबव म्हणालो नाही, हे. तिला परत बोलव, हे तर फक्त तीन शब्दांचं होतं. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ते तीन शब्द त्याच्या जिभेवर होते, आणि मग गाडी दिसेनाशी झाली.

त्यानंतर त्याने लगेच नागापूरला जायला हवं होतं. बनाबाई म्हणत होती, जाऊन या, साडी न्या, पाया पडा तिच्या. तो म्हणायचा, पैसे जमा होऊ देत. पैसे जमा झाले. मग म्हणाला, पाय दुखतोय. पाय दुखतच होता. घरी नवा पंखा आला, बनाबाईने मंगल कार्यालय सोडलं आणि शिलाई मशीन घेतली. संध्याकाळी ती मशीनवर बसायची तेव्हा तिच्या पाठीचा बाक थोडा सरळ झालेला दिसायचा. हे सगळं चांगलं होतं आणि ते त्याला सुखाने बघता येत नव्हतं. मशीन थांबलं की त्याला वाटायचं, आता ही विचारणार, गेला होता का? दिवाळी गेली. मग एकदा प्रज्ञाच तिकडून जाऊन आली. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारणीने सांगितलं की दोन-चार मजूर अड्ड्यांवर फिरली बिचारी, कुणी गाडीत घेतलं नाही, मग भावाच्या टोळीबरोबर कोपरगावकडे गेली. पाण्याचं पिंप शेजारणीला देऊन गेली.

त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून एकटाच एसटीत बसला. बनाबाईने साडी पिशवीत घातली होती, शेंगदाण्याची चटणी घातली होती, आणि साखर कारखान्याच्या गेटवर विचारा म्हणाली होती. राहुरी गेली. खिडकीतून उसाने भरलेल्या गाड्या मागे पडत होत्या, एकामागे एक, आणि प्रत्येक गाडीवर पाचटाच्या भाऱ्यांत पाय पोटाशी घेऊन बसलेली माणसं होती. इतकी वर्षं कामासाठी या रस्त्याने तो गेला-आला होता. ही माणसं त्याला कधी दिसली नव्हती, गाड्या दिसल्या होत्या. बोलायचं काय ते तो मनात जुळवत होता. माझ्यामुळे झालं. नाही, असं म्हटलं तर ती म्हणेल, नाही हो; आणि आपण ते ऐकायलाच चाललो आहोत की काय, अशी शंका त्याला आली.

विचारत विचारत गोदावरीकाठच्या एका उसाच्या फडावर पोचायला दुपार झाली. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून कुबडी नीट पडत नव्हती. दगडाबाई वाकून मोळी बांधत होती. तोंडाला फडकं, हातांवर पाचटाचे लाल ओरखडे. तिने त्याला बघितलं, मोळीची गाठ पुरी आवळली, आणि मगच उभी राहिली.

"आलाव व्हय," ती म्हणाली. "लागला म्हनं निकाल."

"लागला."

"मला टपरीवाल्यानं सांगितलं. मी म्हनलं, मिस्त्री येतील सांगाया. लई दिस वाट बघितली." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पैसं मिळालं?"

"मिळाले." त्याने पिशवी पुढे केली आणि तिच्याबरोबर पाकीटही. "हे ठेवा. माझ्यामुळं तुमाला..."

तिने साडी काढून बघितली, उन्हात धरली, पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी बांधावरच्या आपल्या गाठोड्याशी नेऊन ठेवली. पाकीट हातात घेतलं नाही. "ते नगं. कोरटात दोनदा आले, त्या खाड्याचं तेवढं द्या," ती म्हणाली. त्याने नोटा काढल्या. तिने दोन खाड्यांचे घेतले, कनवटीला लावले. मग त्याला सावलीत बसायला सांगितलं, तांब्याभर पाणी दिलं. तिच्या भावाला जोडी नव्हती म्हणून तो हिला घेऊन आला होता. टोळीत दोघांचा मिळून एक कोयता धरतात. खोकला आहे, रात्री गारठा लई पडतो, असं ती बोलत राहिली, साध्या बोलण्यासारखं. एसटीत जुळवलेली वाक्यं सहादेवच्या तोंडात वाळून गेली होती. "मी त्याला म्हनायला पायजे हुतं," तो शेवटी म्हणाला, "आप्पाला. तुमाला काडू नको म्हनून. उबा हुता समोर. म्हनलोच न्हाई."

दगडाबाईने पलीकडे नदीच्या अंगाला बघितलं. "म्हनायला पायजे हुतं," ती म्हणाली.

बस्स. तेवढंच. तिने ते नाकारलं नाही, त्याच्यावर पांघरूण घातलं नाही. सहादेवला वाटलं, अपघात झाल्यापासून आपल्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. आणि आता इथून पुढे हे वाक्य घेऊनच जगायचं आहे.

बांधाच्या पलीकडे गाडी येऊन लागली. मुकादमाने शीळ घातली, बाया मोळ्यांकडे धावल्या. दगडाबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली, मोळीशी वाकली, आणि भाऊ दिसत नाही म्हणून इकडेतिकडे बघत, सवयीने, जवळ असेल त्याला म्हणाली, "हात लावा वाईच." म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. पण तोवर तो उठला होता. कुबडी काखेतून निसटून पाचटात पडली. चांगल्या पायावर भार घेऊन त्याने मोळीखाली दोन्ही हात घातले. पाती तळव्यांत शिरली, कमरेतली सळई कळवळली. दोघांनी मिळून ती वर उचलली, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तिच्या डोक्यावर ठेवली. तिची मान क्षणभर खाली दबली आणि सरळ झाली. मग ती वळली आणि ते ओझं घेऊन गाडीकडे चालायला लागली.